स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज नंतर, सेवापुस्तक आधी

महोदय,

ठाण्यातल्या आणि बेलापूरच्या सरकारी कार्यालयांत पन्नाशी ओलांडलेले कर्मचारी भेटले की हल्ली स्वेच्छानिवृत्तीचा विषय निघतोच. त्यात एक गैरसमज वारंवार कानावर येतो: लवकर घरी गेलो तर सरकार वर काही रक्कम देते. याचे मूळ बहुधा 2019 च्या एमटीएनएल-बीएसएनएलच्या योजनेत आहे. तिथे 50 वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे 35 दिवसांचे आणि उरलेल्या दर वर्षामागे 25 दिवसांचे वेतन सानुग्रह म्हणून मिळाले. ती कंपन्यांनी माणसे कमी करण्यासाठी आणलेली एकवेळची योजना होती. राज्य कर्मचारी ज्या नियमाखाली जातो तो महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 66. त्यात असे बक्षीस नाही. 20 वर्षांची अर्हताकारी सेवा (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा) आणि तीन महिन्यांची लेखी नोटीस, एवढ्यावर बाहेर पडण्याची ती सोय आहे.

नोटिशीत शब्द जपून वापरावेत. घरच्या अडचणीत किंवा साहेबांशी खटका उडाल्यावर रागाच्या भरात ‘राजीनामा देत आहे’ असे लिहून दिले, तर प्रकरण नियम 46 खाली जाते आणि मागची सगळी सेवा जप्त होते. मग निवृत्तिवेतन नाही आणि उपदानही (ग्रॅच्युइटी) नाही. ‘नियम 66 अन्वये स्वेच्छा सेवानिवृत्ती’ असे स्पष्ट लिहून, तारीख घालून, आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मुदत संपण्याआधी नियुक्ती प्राधिकाऱ्याने नकार कळवला नाही, तर त्या तारखेला निवृत्ती आपोआप अमलात येते. नंतर मन बदलले तर नोटीस मागे घेता येते, पण ठरलेल्या तारखेच्या आत आणि प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने. विभागीय चौकशी चालू असेल तर नकार येण्याची शक्यता गृहीतच धरावी.

खरा घोळ 20 वर्षांच्या मोजणीत होतो. रुजू झाल्याच्या तारखेपासून बोटे मोजून चालत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा अर्हताकारी सेवेत सहसा धरत नाहीत. निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा आदेश निघाला नसेल, तर तोही अधांतरी राहतो. बदलीच्या वेळी रुजू होण्यास झालेला उशीर नियमित केलेला नसेल, तर तेवढा खंड दिसतो. कागदावर 20 वर्षे 2 महिने भरणारी सेवा अशी सहज 20 च्या खाली येते, आणि हे नोटीस दिल्यानंतर कळले तर हात चोळत बसण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून आधी कार्यालयाकडून अर्हताकारी सेवेचा लेखी तपशील मागून घ्यावा आणि मगच नोटीस द्यावी. कार्यासन लिपिकाने ‘होऊन जाईल’ म्हटले, यावर विसंबू नये.

दुसरा अडसर वेतन पडताळणीचा. कोकण विभागातील सेवापुस्तके वेतन पडताळणी पथकाकडून तपासून येतात आणि त्यानंतर प्रकरण निवृत्तिवेतनाच्या मंजुरीसाठी मुंबईच्या महालेखापालांकडे जाते. पाचव्या, सहाव्या, सातव्या आयोगाची वेतननिश्चिती, पदोन्नतीच्या वेळी दिलेला विकल्प, पदोन्नतीअभावी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ यांतली एखादी नोंद चुकलेली असेल, तर ती इथे सापडते आणि अतिप्रदानाची (जादा दिलेल्या वेतनाची) वसुली निघते. नियत वयोमानाने जाणाऱ्याला हे निस्तरायला दोन वर्षे मिळतात, स्वेच्छेने जाणाऱ्याच्या हाती तीन महिने असतात. वसुली निघालीच तर सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा रफिक मसीह निकाल लक्षात ठेवावा. गट क आणि ड मधील कर्मचारी, तसेच निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करू नये, असे त्यात म्हटले आहे. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असे हमीपत्र दिले असेल, तर वाद उभा राहू शकतो. तो कागद सेवापुस्तकात आहे का, ते पाहून ठेवावे.

आता पैशाचे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील (1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेला), एस-13 या वेतनस्तरात मूळ वेतन 68,000 असलेला, 53 वर्षांचा आणि 25 वर्षे सेवा झालेला कर्मचारी घेऊ. त्याचे निवृत्तिवेतन अंतिम वेतनाच्या निम्मे, म्हणजे 34,000. 58 पर्यंत थांबला तर पाच वेतनवाढींनी वेतन 78,800 होते आणि निवृत्तिवेतन 39,400. दरमहा 5,400 आणि त्यावरची महागाई वाढ हा फरक आयुष्यभराचा आहे. उपदान सेवेच्या दर सहामाहीला वेतनाच्या पाव पट. 25 वर्षांना साडेबारा पट, 30 वर्षांना पंधरा पट आणि तेही वाढलेल्या वेतनावर. (कमाल मर्यादा साडेसोळा पट, रकमेची मर्यादा 1 सप्टेंबर 2024 पासून 20 लाख.)

अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची, भुरळ मोठी असते. 40 टक्के म्हणजे 13,600 विकले, तर पुढील वाढदिवसाच्या 54 वयाला 8.678 या गुणकाने सुमारे 14 लाख 16 हजार हाती येतात. त्या बदल्यात 15 वर्षे दरमहा 13,600 कापले जातात, एकूण 24 लाख 48 हजार. गृहकर्ज फेडायचे असेल तर हा व्यवहार पटतो. नातेवाइकाच्या सांगण्यावरून कुठे तरी गुंतवायचे असतील तर अजिबात पटत नाही. महागाई वाढ मात्र कपातीनंतरच्या 20,400 वर नव्हे, मूळ 34,000 वर मिळते. नोटीस तीन महिन्यांपेक्षा कमी करून मागितली, तर ते तीन महिने उलटेपर्यंत अंशराशीकरणाचा अर्ज करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांचा हिशेब वेगळा. त्यातल्या पहिल्या तुकडीची 20 वर्षे आता भरली आहेत, म्हणून हे तातडीचे. 1982 चे नियम त्यांना सरसकट लागू नाहीत. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून नियत वयोमानाने बाहेर पडल्यास साठलेल्या निधीतील 60 टक्क्यांपर्यंत रक्कम रोख मिळते आणि किमान 40 टक्क्यांची वार्षिकी (नियमित रक्कम देणारी योजना) घ्यावी लागते. बाहेर पडणे मुदतपूर्व धरले गेले तर हेच प्रमाण 20 आणि 80 होते. 50 लाखांच्या निधीवर हा फरक 30 लाख रोख की 10 लाख, इतका आहे. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये खुलासा केला की 20 वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीला नियत वयोमानाचेच लाभ मिळतील. आपल्याकडे राज्याच्या सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा विकल्प दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कर्मचाऱ्यांनी, आपले जाणे यापैकी कशात गणले जाणार, हे नोटिशीपूर्वी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून (कार्यालयाचे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून) लेखी घ्यावे. महापालिका आणि जिल्हा परिषदेची प्रकरणे महालेखापालांकडे जात नाहीत. त्यांनी आपल्याच लेखा विभागाला विचारावे.

केंद्राच्या 2021 च्या निवृत्तिवेतन नियमांत 18 वर्षे सेवा झाल्यावर अर्हताकारी सेवा तपासून कर्मचाऱ्याला तसे प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कार्यालयप्रमुखांनी असा कागद कर्मचाऱ्याने न मागता त्याच्या हाती द्यावा. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सेवापुस्तके त्यांच्याच कपाटात आहेत.

– एक निवृत्त लेखाधिकारी, कळवा (ठाणे)