पाय ओढू नका म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

जिल्हा रुग्णालयात तुमच्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर कायम रांग, त्यामुळे तुमच्याशी निवांत बोलणं कधी झालंच नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही सांगितलेलं आणखी चार घरांत पोचायला हवं.

लेक 32 आठवड्यांचा जन्मला. वर्ष उलटलं तरी बसेना. उभं धरलं की टाचा टेकत नसत, पायांची कात्री व्हायची. कागदावर ‘सेरेब्रल पाल्सी, स्पॅस्टिक डायप्लेजिया’ एवढंच लिहून मिळालं. घरात मग ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. कुणी म्हणे मालीश कमी पडलं, कुणी म्हणे पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही. इजा पायांना नाही, मेंदूला झालीय, हे सांगितलंत तुम्ही. ‘सैल सोड’ हा मेंदूचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही, म्हणून ते आखडतात. मेंदूतली इजा वाढत जाणार नाही, पण भरूनही येणार नाही. हे शेवटचं ऐकून मी तिथेच रडले. पण त्याचेच आभार जास्त, कारण त्यानंतर ‘स्टेम सेलने मूल चालेल’ अशा जाहिराती घेऊन येणाऱ्यांना आम्ही दारातूनच परत पाठवू शकलो.

मग तुम्ही त्याचा घोटा माझ्याच हाताने वाकवायला लावलात. झटक्यात वाकवला तर मध्येच अडला. सावकाश वाकवला तर बराच पुढे गेला. सगळा फरक वेगाचा! पाय खसाखसा ओढणाऱ्या मालीशवाल्या मावशींनाही बोलावून तुम्ही हेच दाखवलंत, न रागावता. आता चड्डी घालताना आम्ही आधी गुडघा वाकवतो. कुकरच्या शिट्टीने, थंडीने, तापात तो ताठरतो, तेव्हा कुणी त्याला हट्टी म्हणत नाही.

पाय दोन्ही बाजूंना येतील असं कडेवर घ्या, म्हणजे कात्री सुटते, हे मात्र सासूबाईंना लगेच पटलं. “आम्ही दुसरं काय करत होतो?” म्हणाल्या. (तुमच्या बाकीच्या निम्म्या सूचना त्यांना अजून मान्य नाहीत.)

आखडलेले स्नायू सैल करायला बोटॉक्स दिलं, त्या वेळी नातेवाईक हसले, नट्यांचं इंजेक्शन म्हणून. त्याचा असर तीन-चार महिनेच, खरं काम त्या मुदतीत स्नायूंना ताण देण्याचं आणि मापाचे खास बूट घालण्याचं, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. काही दुखत नसताना खुब्याचा एक्स-रे काढायला लावलात, कारण सांधा गुपचूप सरकतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय या सरकारी आरोग्य विम्याचे अर्जही तुमच्याच टेबलावर भरले. ते तुमचं काम नव्हतं.

यंदा त्याची उंची भराभर वाढली. हाडं वाढतात त्या वेगाने आखडलेले स्नायू वाढत नाहीत, त्यामुळे टाचा पुन्हा उचलल्या जातायत. बूटही आखूड झालेत. पुढच्या महिन्यात मापाला येतोय. बरोबर शेजारच्या गावातली एक आई असेल, तिच्या बाळाची उजवी मूठ उघडत नाही. तिला जरा जास्त वेळ द्या. रांगेत आम्ही मागे थांबू.

तुमची,
मंगळवारच्या रांगेतली एक आई