विहिरीतली उडी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू उतारावरून हात सोडून सायकल घातलीस आणि कोपर फोडून आलास. जखम धुताना मी तोच प्रश्न विचारला, जो लहानपणी आईने मला विचारला होता : "मित्रांनी विहिरीत उडी मारली तर तूही मारशील का?" तू मान खाली घातलीस. तेव्हापासून तो प्रश्न मलाच टोचतोय. म्हणून गेले दोन दिवस वाचत बसले.

असाच प्रश्न संशोधकांनीही तपासलाय. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायला दिली. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे रेटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मित्र शेजारी असले की १३ ते १६ वयाच्या मुलांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. चोविशी ओलांडलेल्यांना मात्र कुणी असलं-नसलं तरी फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये असाच खेळ खेळणाऱ्यांचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. मित्र दुसऱ्या खोलीतून बघताहेत, एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाला भुलणारे भाग जास्त जागे व्हायचे. आवर घालणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडतच असतो.

म्हणजे धोका तुला कळत होता. मी 'अक्कल गहाण ठेवलीस का' म्हणाले ते चुकलं. ते शब्द मी मागे घेते, मनापासून.

आता माझं ऐक. उपदेश मी घरात करते, तेव्हा तुला तो पटतोही. पण उतारावर मी नसते. तिथे पाय मागे घ्यावासा वाटला तर खुशाल माझं नाव पुढे कर. "आईने लगेच बोलावलंय" म्हण आणि नीघ. मित्रांनी मला खडूस म्हटलं तरी चालेल. कुठूनही, कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन. त्या रात्री काहीही विचारणार नाही.

आणखी एक. लंडनमधल्या एका अभ्यासात, अमुक गोष्ट किती धोक्याची हे ठरवताना १२ ते १४ वयाच्या मुलांनी मोठ्यांपेक्षा आपल्या वयाच्या मुलांचं मत जास्त मानलं. वाचताना मला त्या दिवशी तुझी सायकल ढकलत घरापर्यंत आलेला मुलगा आठवला. "मी नको म्हणत होतो, काकू," असं तो दारातच म्हणाला होता. मी तेव्हा रागात होते, त्याला साधं पाणीही विचारलं नाही.

रविवारी त्याला जेवायला बोलाव.

तुझी,
आई