अर्क आणि औषध यांतील अंतर

संपादक महोदय,

वनस्पतींचे अर्क प्रतिजैविकांच्या जोडीने वापरल्यास औषधांना न जुमानणारे जिवाणूही नामोहरम होतात, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. केवळ 2019 या एका वर्षात अशा जिवाणूंमुळे जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट ओढवल्याचा अंदाज आहे, त्यामुळे या संशोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. माझी तक्रार आहे ती या बातम्यांत जे सांगायला हवे, नेमके तेच गाळले जाते याबद्दल.

असे अर्क पुष्कळदा जिवाणूला स्वतः मारत नाहीत, तर त्याचा बचाव मोडतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या पेशीपटलात ‘नॉर-ए’ नावाचा पंप असतो आणि आत शिरलेले औषध तो बाहेर फेकतो. दारुहळदीच्या कुळातील झुडपांमध्ये असणारे बर्बेरिन हे जिवाणुरोधक द्रव्यही तो असेच बाहेर टाकतो, म्हणून एकटे बर्बेरिन दुबळे ठरते. मात्र या कुळातील काही प्रजाती त्या पंपाला अडवणारे दुसरे एक द्रव्यही तयार करतात, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. जोडीने मारा करण्याची युक्ती झुडपाला आपल्या आधीच साधली होती, असे म्हणायला हरकत नाही.

तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे उपचार नव्हे. तेथे दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून जिवाणूंची वाढ कोठे थांबते हे पाहतात, आणि एकत्र वापरल्यावर प्रत्येकाची मात्रा एकट्याने लागणाऱ्या मात्रेच्या चतुर्थांशावर आली, तर ती जोडी परस्परपूरक मानली जाते. पण अर्काची ती चतुर्थांश मात्राही रुग्णाच्या रक्तात सुरक्षितपणे पोहोचू शकते का, हा खरा प्रश्न असतो, आणि बातमीत तो सहसा विचारलाच जात नाही. सर्पगंधेतील रेसर्पिन नॉर-ए पंपाला प्रयोगशाळेत उत्तम रोखते. परंतु त्यासाठी लागणारी मात्रा माणसाच्या मज्जासंस्थेला घातक असल्याने हा उपाय तेथेच अडला. याउलट अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाबरोबर, जिवाणूचा बचाव मोडण्यासाठी दिले जाणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल (ते वनस्पतीतून नव्हे, मातीतल्या एका जिवाणूपासून मिळते) 1980च्या दशकापासून वापरात आहे, कारण ते एक शुद्ध, ओळखलेले द्रव्य असून त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरलेली आहे. अर्कात मात्र असंख्य द्रव्ये असतात आणि झाडाचा भाग, ऋतू, जमीन व काढण्याची पद्धत यांनुसार त्यांचे प्रमाण बदलत राहते.

अर्धवट बातमी वाचून कोणी काढा घेऊन गोळ्या कमी केल्या, तर अपुऱ्या मात्रेत तगून राहिलेल्या जिवाणूंचेच फावते. पेनिसिलिनच्या बाबतीत हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. शिवाय मिरीतील पायपरिनसारखी द्रव्ये यकृतात औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावतात, त्यामुळे काही औषधांची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढू शकते.

म्हणून विनंती अशी की, यापुढे अशी बातमी छापताना प्रयोग काचपात्रात झाला, प्राण्यांवर की रुग्णांवर, आणि वापरला तो कच्चा अर्क होता की त्यातून वेगळे केलेले द्रव्य, एवढे तरी पहिल्या परिच्छेदातच नमूद करावे.

आपला नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक