पडदा बांधणाऱ्या अण्णांना आभाराचं पत्र

प्रिय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

'तुंबाड'मध्ये नुसता काळोख आहे, दुसरं काही नाही, असं आपल्या वाडीत बऱ्याच जणांचं मत होतं. त्यातल्या बहुतेकांनी तो मोबाइलवर नाहीतर ट्यूबलाइटखाली टीव्हीवर पाहिला होता. देवळाच्या पटांगणात तुम्ही तो दाखवलात आणि त्याच माणसांची मतं पालटली. सिनेमात काहीच बदललं नव्हतं. तो जसा बनवला तसा दिसला, एवढंच. सिनेमाबद्दलची आपली निम्मी मतं खरं तर दाखवणाऱ्याच्या हातात असतात, आणि दाखवणारा निष्काळजी असला की दोष दिग्दर्शकाच्या माथी जातो. तुम्ही ते होऊ दिलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. शेजारच्या वाड्यांत पडदा लावणाऱ्या पोरांनाही ते उपयोगी पडेल.

सुरुवात त्या काळोखापासूनच करू. राही अनिल बर्वे यांच्या या 2018 च्या सिनेमात छायाचित्रकार पंकज कुमार यांनी कंदिलाचा उजेड, पावसाची करडी छटा आणि शेवटाकडचा लाल रंग एवढ्यावर सगळा खेळ मांडलाय. वाड्याच्या कोपऱ्यात काय आहे ते जेमतेम दिसतं, आणि भीती त्या जेमतेममध्येच आहे. पडद्यावरचा उजेड कमी पडला की जेमतेमचं काहीच नाही होतं.

इथे तुमचा हिशोब कामी आला. 16 फूट रुंद आणि 9 फूट उंच पडदा म्हणजे 144 चौरस फूट. प्रोजेक्टर 3000 ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) असला तरी चित्राच्या 'सिनेमा' मोडवर साधारण 2000 हातात येतात. 2000 भागिले 144, म्हणजे जवळपास 14 फूट-लॅम्बर्ट, पडद्यावरच्या उजेडाचं माप ते. चांगल्या थिएटरात पडद्यावर तेवढाच उजेड धरतात. पोरांचा हट्ट 24 फुटी पडद्याचा होता. 24 गुणिले साडेतेरा म्हणजे 324 चौरस फूट, आणि उजेड उरला असता जेमतेम 6. गाणी दिसली असती, वाडा दिसला नसता. मोठ्या पडद्याला नाही म्हणणं गावात सोपं नसतं. तुम्ही नाही म्हणालात, त्याबद्दल पहिले आभार.

मोडचंही तेच. दुकानातून आलेला प्रोजेक्टर 'व्हिव्हिड' नाहीतर 'डायनॅमिक'वर असतो, कारण दुकानात दिवे चालू असतात. त्या मोडवर अविनाश अरुण यांचा 'किल्ला' लावला तर पावसाळी कोकण पोपटी दिसतं आणि अमृता सुभाष यांचा चेहरा निळसर. हा सिनेमा 2014 मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातून क्रिस्टल बेअर हा पुरस्कार घेऊन आला. त्याचे दिग्दर्शक स्वतःच छायाचित्रकार आहेत. आपला पाऊस इतका ओला आणि इतका उदास दुसऱ्या कुठल्याही सिनेमात दिसलेला नाही, असं आम्ही बेधडक म्हणतो. ते ओलेपण करड्या आणि हिरव्याच्या मधल्या छटांत आहे. तुम्ही मोड 'सिनेमा'वर, रंगाचं तापमान 'वॉर्म'वर आणि हालचाल गुळगुळीत करणारी ती सोय पूर्ण बंद ठेवता. ती चालू राहिली तर सेकंदाला 24 चौकटींच्या सिनेमात मशीन स्वतःच्या मनाने मधल्या चौकटी घुसडतं, आणि सगळं मालिकेसारखं चकचकीत दिसायला लागतं. माणसं म्हणतात, 'काहीतरी खोटं वाटतंय.' पण काय ते सांगता येत नाही.

आता पडदा. किनाऱ्यावरच्या गावात पडदा बांधणं हे वेगळंच शास्त्र आहे. तुम्ही त्याची पाठ समुद्राकडे ठेवता, कारण सूर्य बुडाल्यावरही पश्चिमेचं आभाळ बराच वेळ उजळ राहतं. पडद्याचं तोंड समुद्राकडे असलं तर तो सगळा संधिप्रकाश त्याच्यावर पडतो आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं पांढुरकी जातात. तोंड पूर्वेला केलं की तीच मिनिटं वापरता येतात. कापड म्हणून मांजरपाट नाही, मॅट पांढरा ब्लॅकबॅक, म्हणजे मागून काळा, फ्लेक्स. मांजरपाटातून उजेड आरपार जातो आणि दोन पट्टे जोडले की शिवण नेमकी नटाच्या नाकावरून जाते. फ्लेक्स दहा फूट रुंदीत मिळतो, त्यामुळे 9 फूट उंचीचा पडदा एकसंध निघतो. मात्र चकाकणारा फ्लेक्स घेतला तर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. त्यामुळे घेताना 'मॅट' असं बजावून सांगायचं.

वारा हा खरा शत्रू. संध्याकाळचे खारे वारे पडायचे आणि रात्रीचे मतलई वारे सुटायचे, या मधल्या शांत वेळात आपला खेळ असतो, पण मध्येच एखादा झोत येतोच. 144 चौरस फुटांचा ताणलेला फ्लेक्स म्हणजे शीडच. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यातही त्याला साठ-सत्तर किलोची ओढ बसते. बरेच जण पडद्याला भोकं पाडतात. त्याने ओढ फारशी कमी होत नाही, आणि चंद्र नसलेल्या दृश्यात चंद्र दिसतात. तुमची रीत वेगळी. दोन बाजूंना पोफळीचे खांब, त्यांना मागेपुढे तिरके ताण. फ्लेक्सला फुटाफुटावर रिंगा, पण रिंगेतून दोरी थेट खांबाला नाही, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा वळसा. झोत आला की ट्यूब ताणते, रिंग फाटत नाही. बांधायचा क्रमही ठरलेला. आधी वरची बाजू मधून कडेला, मग खालची लोखंडी पाइपसकट, बाजू सगळ्यात शेवटी. बाजू आधी आवळल्या तर मधे सुरकुती राहते आणि ती कितीही ओढली तरी जात नाही. जमिनीपासून फूट-दीड फूट मोकळं ठेवायचं म्हणजे वारा खालून निघून जातो. वारा अंगावर आलाच तर आधी खालची बाजू सोडायची, वरची कधीच नाही. इतकं सगळं केल्यावरच पडद्याला पोट सुटत नाही. पोट सुटलं की मधे धूसर, कडेला स्पष्ट, असं चित्र दिसतं आणि लोक प्रोजेक्टरला शिव्या घालतात.

प्रोजेक्टर पडद्यापासून 24 फुटांवर, पडद्याला अगदी काटकोनात, हेही सांगायला हवं. तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चौकट सरळ करता येते, पण मशीन चित्र आकसून सरळ करतं आणि बारीक रेषा मऊ पडतात. फोकस तुम्ही मशीन अर्धा तास तापल्यावर, श्रेयनामावलीतल्या सगळ्यात बारीक अक्षरांवर लावता. थंड मशीनवर लावलेला फोकस लेन्स तापली की सरकतो.

आवाजाबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. 'गाण्यात कान फाटतात आणि संवाद ऐकू येत नाहीत' ही तक्रार गावोगाव आहे आणि दोष ध्वनिमुद्रणाला दिला जातो. खरं कारण साधं आहे. नव्या सिनेमांचा आवाज 5.1 असतो, म्हणजे सहा वाटांनी येतो, आणि संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाटेत असतात. आपल्याकडे स्पीकर दोन, डावा आणि उजवा. लॅपटॉपने त्या सहांतल्या दोनच वाटा पुढे पाठवल्या तर मधली वाट गळते आणि संवाद तिच्याबरोबर जातात. प्लेअरमध्ये आवाजाचं आउटपुट 'स्टीरिओ' केलं की मधला आवाज दोन्हीकडे वाटला जातो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यावर तुम्ही डीजेकडून आलेल्या ॲम्प्लिफायरचा बेस उतरवता, टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, माणसांच्या डोक्यावरून जरा खाली कललेले ठेवता, आणि ब्लूटूथला हात लावत नाही. ब्लूटूथने आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात. मागच्या रांगेला तसाही आवाज उशिरा पोचतो. सेकंदाला साधारण 1130 फूट हा त्याचा वेग, म्हणजे 60 फुटांवर एका चौकटीहून थोडा जास्त उशीर. तेवढा खपतो. त्यात ब्लूटूथची भर नको.

'अशी ही बनवाबनवी' त्यामुळेच आपल्या पटांगणात इतका रंगतो. 1988 चा सिनेमा, आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेचा, आणि विनोद एकावर एक. एका वाक्यावरचा हशा पुढच्या वाक्यावर सांडतो. संवाद स्वच्छ आले तर हशातूनही पुढचं वाक्य पकडता येतं. त्याला 'सराउंड'चा घुमारा लावला की संपलं. आमच्या मते मराठीत लयीच्या बाबतीत त्याच्या जवळ जाणारा विनोदी सिनेमा नाही. अशोक सराफ यांच्या थांबण्याच्या जागा ऐकाव्यात. आदित्य सरपोतदार यांची 2013 ची 'नारबाची वाडी' दुसऱ्या कारणाने आवडते. दिलीप प्रभावळकर यांचा नारोबा बागेशी ज्या आवाजात बोलतो, त्याच्यासाठी. तो आवाज हळू आहे आणि बेसमध्ये बुडतो.

पण सगळ्यात मोठे आभार 'सैराट'च्या शेवटाचे. नागराज मंजुळे यांनी तिथे आवाजच काढून घेतलाय. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी दणाणलेला सिनेमा, आणि शेवटी काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेत काय काय शिरू शकतं ते तुम्हाला ठाऊक होतं. पहिली ती 'हूंऽऽ' अशी घरघर. प्रोजेक्टर एका बोर्डवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर असला, दोघांचं अर्थिंग वेगळं असलं की ती येते. गाणी चालू असताना कुणाच्या लक्षात येत नाही, शांततेत तेवढीच ऐकू येते. तुम्ही लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घेता, आवाजाची तार विजेच्या तारेला समांतर नेत नाही, ओलांडायची झालीच तर आडवी ओलांडता. काही जण घरघर घालवायला अर्थिंगची पिनच काढतात. ओल्या जमिनीवर तो जिवाशी खेळ आहे, आणि तुम्ही तो कुणाला करू दिला नाहीत. दुसरा जनरेटर. तो तुम्ही शाळेच्या भिंतीआड, लांब ठेवलात. तिसरा म्हणजे सिनेमा संपतोय असं वाटून दिवा लावणारा हात. स्विचजवळ माणूस उभा केलात आणि नावं संपेपर्यंत दिवा लागला नाही. आपल्याकडे 'सैराट'ला नुसता गाण्यांचा सिनेमा म्हणणारे आहेत. तो शेवट धड न पाहिलेल्यांचंच ते मत असणार. 'फँड्री'च्या शेवटी पडद्यावरून आपल्याकडे येणारा दगडही असाच. त्यानंतर लॅपटॉपने आपणहून पुढचा व्हिडिओ सुरू केला असता तर दगड वाया गेला असता.

'शोले' तुम्ही दोन रात्रींत दाखवलात तेव्हा कुरकुर झाली. सव्वातीन तासांच्या आसपासचा सिनेमा. डिसेंबरात पुरता काळोख व्हायला पावणेसात होतात, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी. बेरीज जमत नाही, कापाकापी करायची नाही, मग मध्यंतराला तोडणं हाच प्रामाणिक मार्ग. 'लगान' तर पावणेचार तासांचा, त्यालाही तोच नियम. 'शोले' 35 मिमीवर चित्रित करून 70 मिमीवर मोठा केला होता. ती चौकट उंचीच्या 2.2 पट रुंद. आपल्या 16 फुटांत ती सव्वासात फूट उंच बसते. उरलेल्या वरच्या-खालच्या पट्ट्या काळ्या कापडाने झाकल्या नाहीत तर त्या करड्या चमकत राहतात. टीव्हीची चौकोनी प्रत ताणून पडदा भरणारे गब्बरला जाडा करतात. रमेश सिप्पी यांच्या या सिनेमाबद्दल आमचं मत असं की तुरुंगातला विनोद लांबलाय, पण ठाकूरच्या घरातला झोपाळ्याचा करकरणारा आवाज हिंदी सिनेमातला सर्वात भयंकर आवाज आहे. तो लहान स्पीकरवर ऐकलेल्याला हे पटायचं नाही.

'मुंज्या'वर मात्र आपलं जमत नाही, अण्णा. तुमच्या मते तो उत्तम. आम्हाला कोकणातला भाग आवडला, पिंपळ, समुद्र, घरातल्या बायकांची बोली. शहरात गेल्यावर धावपळ वाढते आणि भीती पातळ होते. संगणकाने केलेला मुंज्या अंधारात अर्धा दिसतो तेव्हा चांगला, पूर्ण उजेडात आला की खेळणं वाटतो. हे मत तुमच्याच पडद्यावर पाहून झालेलं आहे, त्यामुळे या वेळी दोष प्रोजेक्टरवर ढकलता येणार नाही.

एक काम कुणाला दिसत नाही. प्रत्येक सिनेमासाठी तुम्ही हक्क असणाऱ्यांना लिहून परवानगी घेता, लागेल ते शुल्क भरता. घरच्या ओटीटी खात्यावरून पटांगणात दाखवता येत नाही, हे अजून अनेक मंडळांना माहीत नाही. परवानगी यायला वेळ लागतो, म्हणून जत्रेच्या तोंडावर धावू नये, पावसाळ्यातच पत्रं टाकावीत.

पावसाळ्यात प्रोजेक्टर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं आणि दर पंधरवड्याला अर्धा तास चालू करायचं काम आता आमच्याकडे द्या. लेन्सवर एकदा बुरशी धरली की निघत नाही, आणि खाऱ्या हवेत तारांची टोकं हिरवी पडतात ती वेगळीच. पुड्या ओल्या झाल्या की बदलू, टोकं पुसून ठेवू.

आणि पुढच्या मोसमात 'श्वास' लावा. संदीप सावंत यांचा, 2004 चा. आजोबा नातवाला ऑपरेशनआधी शहर दाखवायला नेतात तो भाग अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यासाठी पडद्यावरच पाहायचाय. परवानगीचं पत्र आम्ही लिहून ठेवतो, तुम्ही फक्त नजर घाला.

तुमचे,
वाडीतले सिनेमावेडे