रायफलला दोन कॉलम, सरावाला दोन ओळी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या हरणाच्या शिकारीवर लेख आला होता तो वाचला, फोटो एक नंबर, पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. रायफल कुठली, वरची दुर्बीण म्हणजे स्कोप कुठला, किंमत किती यावर दोन कॉलम आणि सराव म्हणाल तर शेवटी कशाबशा दोन ओळी. आमच्या गल्लीतली पोरं तो लेख एकमेकांना फॉरवर्ड करत होती आणि एकानं तर मला येऊन विचारलंच, "काका, 6.5 क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतली की पाचशे यार्डावर लागतंच ना?" आता याला काय सांगायचं!

मी फौजेतनं रिटायर झालेला माणूस, सगळी नोकरी रायफल खांद्यावर घेऊन झाली. पुतण्या डेन्व्हरला असतो, त्याच्याकडे राहून आलोय, त्याचा शेजारी पक्का शिकारी आहे आणि तो मला रेंजवर घेऊन गेला होता, त्यामुळं तिकडचं थोडंफार डोळ्यानं बघितलंय. तिकडं ही शिकार कायदेशीर आहे, सीझन ठरलेला, लायसन काढायचं, जनावर मारलं की त्याला टॅग लावायचा, आणि कोलोरॅडोत तर 1949 पासून पुढं जन्मलेल्या प्रत्येकाला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पास व्हावा लागतो, मगच लायसन. तुमच्या लेखात यातलं काहीच नव्हतं.

आता रायफलीचंच घ्या. .30-06 हे काडतूस 1906 सालचं, .270 विंचेस्टर 1925 चं, .308 विंचेस्टर 1952 चं, आणि ज्याचा एवढा गाजावाजा चाललाय ते 6.5 क्रीडमूर 2007 ला आलं. चारीतलं कुठलंही घ्या, हरणाला पुरून उरतं. फरक किती ते सांगतो. दोनशे यार्डावर झिरो केलेली, म्हणजे तिथं बरोबर नेमावर लागेल असा स्कोप बसवलेली, .308 ची गोळी चारशे यार्डावर जाईपर्यंत साधारण दोन फूट खाली येते, 6.5 ची त्यापेक्षा दोनेक इंच कमी, म्हणजे काही आभाळ फाटत नाही, आणि गोळी किती पडणार हे आधीच माहीत असतं, स्कोपची घुंडी तेवढे क्लिक फिरवली की झालं. खरा खेळ वाऱ्याचा. ताशी दहा मैलाचा आडवा वारा असला तर त्याच अंतरावर .308 ची गोळी चौदा इंचाच्या आसपास सरकते आणि 6.5 ची दहा-अकरा. म्हणजे नवीन रायफलनं तुम्हाला तीन-चार इंच मिळवून दिले, बरोबर? पण वारा दहाचा असताना तुम्ही पाचचा धरला तर पाच इंच तिथंच गेले, मिळवलेले पण गेले आणि वरचे पण. आणि वारा तुमच्याजवळ एक असतो, मधल्या ओढ्यात दुसरा असतो आणि जनावराजवळ तिसराच. तो गवत हलताना बघून, स्कोपमधनं उन्हाची झळ कुठल्या बाजूला वाहतेय ते बघूनच शिकायचा, दुकानात मिळत नाही.

हरणाचं काळीज-फुप्फुस ज्या जागेत असतं ती जागा आठ-दहा इंचाची. चारशे यार्डाला गोळी जायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात जनावरानं चरता चरता एक पाऊल पुढं टाकलं की गोळी पोटात, आणि मग ते मैल दोन मैल पळून कुठंतरी तडफडत मरणार. पुतण्याच्या त्या शेजाऱ्याची रायफल सहाशे यार्डाची आहे, पण गडी तीनशेच्या पुढं बोट ट्रिगरवर नेत नाही. का तर म्हणे बसून, सॅकवर रायफल टेकवून, धाप लागलेली असताना आठ इंची पत्र्यावर पाचातल्या पाच लागतात ते अंतर माझं, बाकी सगळं रायफल कंपनीचं. रेंजवर पण त्याचं लक्ष पहिल्या गोळीवर, कारण शिकारीत नळी थंडच असते. ती एक मारायची, वहीत लिहायचं, नळी गार होऊ द्यायची, मग दुसरी. शेजारच्या टेबलावर एकजण नवी कोरी रायफल घेऊन धडाधड वीस गोळ्या मारून घरी पण गेला तोवर.

आम्हाला रिक्रूटीत आधी कित्येक दिवस गोळीच दिली नव्हती. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (फौजेत शिस्त म्हणजे नेम), ट्रिगर ऑपरेशन, एवढंच घोकायचं. रिकामी रायफल घेऊन पालथं पडायचं, जोडीदार फोरसाइटच्या मागं नळीवर एक नाणं ठेवायचा, श्वास निम्मा सोडायचा, थांबायचं, ट्रिगर हळूहळू मागं, टक् आवाज आला आणि नाणं जागेवर राहिलं तर पुढचं, पडलं तर उस्तादाची शिवी आणि परत पहिल्यापासनं. कोपरं सोलून निघायची. याला पैसा लागत नाही, फक्त कंटाळा येऊन चालत नाही.

आता आपल्याकडचं. काही पोरांना वाटतंय की लायसन काढलं की कोयनेच्या बाजूला जाऊन भेकर मारता येईल. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, सांबर, चितळ, भेकर, काळवीट, कशालाही हात लावायचा नाही, थेट जेल. सागरेश्वरच्या बाजूला हरणं शेतात येतात, पिकाचं नुकसान होतं, शेतकऱ्याचा राग मला कळतो, पण त्याला तक्रार, पंचनामा, भरपाई हाच रस्ता आहे, आणि ती भरपाई वेळेत मिळावी म्हणून तुमच्या पेपरनं जरूर ओरडावं. आणि खरं सांगू का, आपल्या कारवीच्या जंगलात पन्नास मीटरवरचं जनावर दिसायची मारामार, चारशे यार्डाची रायफल घेऊन बघणार कुठं? ही सगळी भानगड मोकळ्या डोंगरउताराच्या मुलखातली आहे.

ज्याला नेमाचंच वेड आहे त्यानं दहा मीटर एअर रायफलनं सुरुवात करावी. .177 बोअरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर लायसनची भानगड नाही. लहान वाटतं ना? त्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो! पुढं जमलं तर पन्नास मीटर आहेच. जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे त्याच पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) 2024 ला पॅरिसवरनं ब्राँझ घेऊन आला, 451.4 पॉइंट. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, ती पण कोल्हापूरचीच. सातारा-सांगलीत घरटी फौजी असलेली गावं आहेत, पोरांच्या हातात काय कमी आहे का? पण आमच्या भागातल्या पोराला शिकायचं म्हटलं की पुण्याला बालेवाडी नाहीतर कोल्हापूर, आणि ते भाडं, ती खोली सगळ्यांना परवडत नाही.

दहा मीटरच्या रेंजला फार काही लागत नाही हो, एक लांब हॉल, बऱ्यापैकी लाईट, टार्गेटमागं छर्रे अडवायला पत्र्याची पेटी, आणि कुलूप लावायला एक माणूस. तालुक्याच्या क्रीडा संकुलात आमच्याकडं असा एक हॉल वर्षभर बंद पडलाय, निवडणूक आली की तेवढा उघडतो. रिटायर फायरिंग उस्ताद गावोगाव बसून आहेत, पगार न घेता शिकवतील, मी पण त्यातलाच एक. पुढच्या पुरवणीत यावर लिहा. तुमचा बातमीदार पाठवलात तर तो हॉल मी दाखवतो, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सातारा