इको करणाऱ्या ताईंना, इंदूरहून

ताई, सप्रेम नमस्कार.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली की घरचे एकच विचारतात, ई.एफ. किती, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो? मागच्या वेळी ३५ होता, आता ३८ आला की पेढे; ३२ आला की चूल थंड. तुम्ही दोन्ही वेळा सांगता, की एवढा फरक मोजण्यातलाही असू शकतो. रामबाग-नारायणबागेकडे घरोघरी पेशंटची सुश्रूषा करणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते.

आकडा भरवशाचा यावा म्हणून तुम्ही पेशंटला नीट डाव्या कुशीवर वळवता, डावा हात डोक्याखाली घ्यायला लावता, श्वास सोडून क्षणभर थांबवता. छातीवर टेकवायचा प्रोब एक फासळी वर राहिला तर चित्रात हृदयाचं टोक कापलं जातं, कप्पा आखूड दिसतो आणि ई.एफ. बहुधा आहे त्याहून चांगला येतो. खूश करणारी चूक, म्हणून ती कुणाला खटकतही नाही! तुम्ही मात्र टोक सापडेपर्यंत प्रोब खाली सरकवत राहता. मग चार कप्प्यांचं आणि दोन कप्प्यांचं, अशा दोन्ही दृश्यांत डावा खालचा कप्पा पूर्ण भरलेला आणि पूर्ण आकुंचलेला असताना आतली कड आखता. नाडी अनियमित असेल तर एका ठोक्यावर न भागवता निदान पाच ठोक्यांची सरासरी घेता. शेवटी यकृताजवळची मोठी नीला: पेशंटला नाकाने झटकन श्वास ओढायला लावायचा. ती २.१ सेंमीपेक्षा रुंद असून निम्मीही मिटली नाही, तर उजव्या बाजूचा दाब वाढलेला.

रिपोर्टवर बी.पी. आणि नाडी लिहिता, तेही फार उपयोगी. बी.पी. १७० असतानाचा इको ११० च्या इकोशी कसा ताडायचा?

दोन इकोंच्या मधल्या दिवसांत भिस्त वजनकाट्यावर. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. काटा फरशीवर, सतरंजीवर नाही. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर सूज दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. पोह्यांवरची खारट शेव आणि जीरावन मसाला बंद करणं इंदुरात सगळ्यात अवघड, आणि गुडघेदुखीची गोळी परस्पर घेणं त्याहून वाईट. ती मीठपाणी अंगात धरून ठेवते.

यापुढे पेशंटबरोबर जुना रिपोर्ट आणि वजनाची वही दोन्ही पाठवू.

आपले,
रामबाग-नारायणबागेतले सुश्रूषा करणारे