मा. पालकमंत्री महोदय, चांदमारीच्या बांधावर माती कधी पडणार?

सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल. माझ्या डाव्या भुवईला चार टाके आहेत, तेव्हा पत्र जरा तिरके उतरले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या अक्षय्य तृतीयेला आपण आमच्या गावी शाळेच्या सभागृहाच्या भूमिपूजनाला आला होतात. भाषण संपल्यावर मी गर्दीतून पुढे घुसून आपल्या हातात अर्ज दिला होता. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी माळावरच्या, चांदमारीचा (गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाचा) टार्गेटमागचा बांध खचला आहे, गोळ्या आमच्या बागांकडे यायला वेळ लागणार नाही, असा साधा अर्ज. आपण तो वाचला नाहीत, पण सहायकाकडे देता देता माईकजवळच म्हणालात, "पावसाच्या आत बांध उंच करून देतो, हवालदार." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग पाऊस आला आणि गेला, भात कापले, मोहोर आला, कणी धरली, आता आंबा उतरायला लागला. बांध आहे तिथेच आहे. खरे तर तिथेही नाही, आणखी दोन फूट खाली बसला आहे.

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. 'गोळ्यांचा आंबा' म्हणून एकदा बोभाटा झाला की वाशीला पेटीमागे किती कापतील ते आपल्याला सांगायला नको. मैदान कोण चालवते तेही लिहीत नाही. आपल्याला ठाऊक आहे, आपल्या सहायकाला ठाऊक आहे, अर्जावर शिक्का मारणाऱ्यालाही ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळी आठ-सव्वाआठला मी गडग्याजवळच्या, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाजवळच्या, कलमाखाली क्रेट लावत होतो. आमचा नेपाळी राखणदार झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन वर चढलेला. सड्यावर फायरिंग चालू होते, त्याची आम्हाला सवय आहे. लाल बावटा मैदानाच्या फाटकाला लावतात. फाटक पलीकडच्या रस्त्याला आहे, आमच्या बाजूला नुसते करवंदीचे झुडूप. तर मधेच एक 'टँव' असा आवाज आला, गडग्याच्या चिऱ्याची कपची उडाली आणि माझा डावा डोळा लाल झाला. डोळा गेला असेच वाटले. भुवई फाटली होती, डोळा वाचला. देव बरा.

हा 'टँव' मी ओळखतो, महोदय. एकवीस वर्षे फौजेत काढली, त्यात बट पार्टीत, म्हणजे टार्गेटपाशी काम करणाऱ्या तुकडीत, किती दिवस गेले याची गणतीच नाही. मार्कर खाली खंदकात बसतात, टार्गेट वर-खाली करतात, गोळी डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखी जाते आणि मागे बांधात शिरते. 'थप्प.' थप्प ऐकली की बरे वाटते. मानेवर थोडी माती पडते, ती झटकायची आणि पुढचा राउंड. थप्पऐवजी टँव आला तर उस्ताद फायरिंग थांबवायचे आणि आम्हाला फावडी-टोपल्या घेऊन बांधावर चढवायचे. टँव म्हणजे दगड. एवढीशी अक्कल शिकायला परीक्षा द्यावी लागत नाही.

बांध गोळी कशी थांबवतो हे आपल्या खात्यातल्या कुणी आपल्याला सांगितले नसेल, म्हणून मी सांगतो. बांध म्हणजे भिंत नव्हे. भिंत गोळीला आडवी येते. भुसभुशीत माती गोळीला आत घेते. माती-वाळूचे कण एकमेकांवर घासत सरकतात, त्या घासण्यात गोळीचा जोर संपतो आणि ती हात-दीड हातावर निजते. त्यासाठी वरचा थर चाळलेला लागतो, खडा नको. दगडाला सरकायला जागा नसते, त्यामुळे त्यावर गोळी एकतर फुटते नाहीतर वळते. वळलेली कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. उतारही उभा हवा, ४५ अंशांच्या खाली नको. पसरट उतारावर गोळी घसरगुंडी केल्यासारखी वर निसटते.

आता आमच्या सड्यावर या. इथली माती तांबडी, जांभ्याची. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने चिरा पडतो, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की घट्ट होतो. लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो या बांधावर पडतो तेव्हा बारीक माती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून जाते आणि खडे वर उघडे राहतात. मग मार्च-एप्रिलच्या उन्हात ते खडे आणि उरलेला चिखल भाजून विटेसारखे होतात. म्हणजे दर पावसाळ्याला आपला मातीचा बांध आपोआप दगडी होतो. त्यात टार्गेटच्या बरोबर मागे गोळ्या पडून पडून खळगा झाला आहे. घागर मावेल एवढा! त्याची माती खाली ओघळून पायथ्याशी उतार झाला आणि आत जुन्या गोळ्यांचा थर बसला. आता गोळीवर गोळी आपटते.

गडग्याच्या फटीत सापडलेली गोळी माझ्याकडे आहे. एका बाजूने चपटी, तांब्याचे वेष्टन सोललेले, चपट्या भागात तांबडा खडा रुतलेला. म्हणजे सरळ आलेली नाही, बांधावर आपटून आली. बांधापासून माझी मेर, म्हणजे बागेची हद्द, ९०० पावलांवर आहे, मी स्वतः मोजली. नऊशे पावले आपल्याला लांब वाटतील. पॉइंट टू-टू या लहान रायफलीची इवलीशी गोळीसुद्धा मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते, मोठ्या रायफलीचे तर विचारूच नका.

आणि उंचीचे गणित. बांध बांधला तेव्हा अठरा फूट होता असे जुने लोक सांगतात. परवा मी काठी लावून मापला तर मधोमध जेमतेम दहा. शंभर मीटरवर उभा असलेला माणूस, त्याची नळी ठरल्यापेक्षा एका अंशाने वर गेली तर गोळी तिथे पावणेदोन मीटर वर पोचते. एक अंश! दम सुटला तरी तेवढी हलते. उभ्याने मारणाऱ्याची नळी आधीच पाच फुटांवर असते, त्यात सहा फूट मिळवा. दहाच्या वर गेली की नाही? आणि त्या दहा फुटांच्या मागे काय आहे? माझी कलमे, माझा मांगर आणि शाळेत जाणारी वाट.

डोळ्यावर टॉवेल दाबून दवाखान्यात गेलो. कसे लागले विचारले, म्हटले गोळीने. त्यावर तिथली दोघे एकमेकांकडे बघायला लागली. पोलीस केस होईल, कागद वाढतील, साहेब रजेवर आहेत. शेवटी केसपेपरवर 'पडल्याने जखम' असे लिहून टाके घातले. मी एकवीस वर्षे पडलो नाही, साठी उलटल्यावर सरकारदरबारी पडलो. तिथून तक्रार द्यायला गेलो तर म्हणाले, गोळी त्याच मैदानावरची कशावरून? गोळी दाखवली. म्हणाले, पुराव्याला हात का लावला? पंचनाम्याला जो माणूस आला त्याच्या छापील नमुन्यात वानर होते, गवा होता, वीज, वादळ, अवकाळी सगळे होते. गोळी नव्हती. बराच वेळ पेन चावून त्याने 'इतर' वर खूण केली आणि नुकसान किती म्हणून विचारले. भुवईचा दर काय असतो, महोदय?

नुकसान ऐकायचेच असेल तर ऐका. राखणदार बायकापोरांसह त्याच संध्याकाळी निघून गेला, ऐन काढणीत. चाळीस-पन्नास पेट्यांचा आंबा झाडावर आहे आणि रोजंदारीवर चढायला कोणी तयार नाही. माझा बीपी एकशेसत्तरच्या खाली येत नाही. बायको सोबतीला येत नाही, वर म्हणते, "आधी डोळो सांभाळा, मगे बांध." गेल्या वर्षी वाळलेले एक कलम तोडून गिरणीत नेले, तर करवतीचे पाते तुटले. खोडात गोळी निघाली! पात्याचे बाराशे रुपये मी भरले. तेव्हापासून गिरणीवाला आमच्या वाडीचे लाकूड घेत नाही. पऱ्याच्या खाली आमची विहीर आहे. आमची माती आंबट, त्यात पडलेले शिसे पावसात हळूहळू विरघळते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर शिसे नको असे भारतीय मानक सांगते. मी पाणी तपासायला दिले, तर जंतू तपासून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सांगितले. मी शिशाबद्दल विचारले होते.

कोणी म्हणेल, हवालदार नेमबाजीच्या विरुद्ध आहे. माझी नात एनसीसीत आहे, तिचा ग्रुपिंगचा (गोळ्या एकमेकींजवळ लागल्याचा) टार्गेटचा कागद आमच्या पडवीत फ्रेम करून लावला आहे. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्य मिळवले तेव्हा वाडीभर पेढे मीच वाटले. पोरांनी रायफल धरावी, पोलिसांनी सराव करावा, सगळे करावे. पण गोळी बांधात राहिली पाहिजे, एवढेच मागतो.

आणि हे मागणे महाग नाही हो. जेसीबीवाल्याने मला तासाला बाराशे सांगितले. चार दिवसांचे काम, वर चाळलेली माती आणि खाडीतली वाळू. जुन्या गोळ्या काढून घ्या, शिसे विकले तर डिझेलचा खर्च निघेल. मातीत चुना मिसळा. माथ्यावर आणि पाठीवर वाळा लावा, त्याची मुळे बांध धरून ठेवतात, आमच्या आज्याला ठाऊक होते. आमच्या बाजूलाही एक लाल बावटा लावा, आणि हे होईपर्यंत फायरिंग बंद ठेवा. आपल्या भूमिपूजनाच्या मंडपाला म्हणे दोन लाख लागले. चार म्हणणारेही आहेत. बिल मी पाहिलेले नाही, पण त्यात आमचा बांध दोनदा झाला असता.

दुखणे इथेच आहे. शेतकरी दर वर्षी बांध घालतो. पाऊस संपला की फावडे घेऊन मेरेवर जातो, खेकड्याची बिळे बुजवतो, ढासळले तिथे माती चढवतो. त्याला कोणी बोलवत नाही, नारळ फुटत नाही. सरकारचे काम म्हणजे एकदा बांधायचे, कोनशिला लावायची आणि पाठ फिरवायची. खारभूमीचे बंधारे बघा, भरतीचे पाणी भातात शिरते. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे, माझी नात तेव्हा रांगत होती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचे धरण फुटले, माणसे वाहून गेली, आणि दोष कुणाचा सांगितला? खेकड्यांचा. आता माझ्या भुवईचा दोष कोणावर घालणार तेवढे आधी कळवा. खेकडे पावसात सड्यावरही असतात म्हणा, सोय आहे.

येत्या सोमवारपासून तीन दिवस पुन्हा सराव आहे, फाटकावर कागद लागला आहे. आंबा थांबत नाही, आढी लावायची आहे, त्यामुळे मी बागेतच असेन. गडग्याच्या आतल्या अंगाला, खाली बसून.

आपला,
एक निवृत्त हवालदार, सध्या आंबा बागायतदार

ता. क. : गोळी मागायला परवा एक गृहस्थ येऊन गेले. पोच दिल्याशिवाय मिळणार नाही असे सांगितले आहे. बीपीच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली आहे.